पिस्तूल, पोस्ट आणि हरवलेल्या अपॉइंटमेंटा

‘सूक्ष्म नजर, तल्लख बुद्धी, पोलादी मज्जातंतू. जिथे इतरांना नुसता धूर दिसतो, तिथे ज्याला विझलेली काडी, काडीपेटी आणि काडी ओढणाऱ्याच्या अंगठ्याचं नखसुद्धा दिसतं, असा एकमेव माणूस.’

हा मजकूर भिंगमामांनी स्वतःविषयी स्वतःच लिहून स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापून घेतला होता. पुढच्या बाजूला ‘खाजगी गुप्तहेर’ असं यायला हवं होतं. आलं ‘खाजगी गुप्तहार’. मामांनी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार वेचण्यात हयात गेलेली. स्वतःच्या कार्डाचं प्रूफ त्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खाली सही ठोकली. पाचशे कार्डं घरी आली तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या, “निदान खरं तरी छापलंय.”

निवृत्त होताना छापखान्याने मामांना एक भिंग भेट दिलं होतं. नाव पडलं ते त्याच्यावरून, आणि गुप्तहेरगिरीची हुक्की आली तीही त्याच्यावरूनच. आजवर त्यांनी एकच प्रकरण तडीला नेलं होतं. शेजाऱ्यांची छत्री हरवली होती. तपास अकरा दिवस चालला आणि छत्री मामांच्याच दाराआड सापडली. तपास करणारा आणि आरोपी एकच निघाल्याचं ते बहुधा पहिलंच उदाहरण असावं. मामा हे आता स्वतःच सांगतात आणि सांगताना सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसतात. दंतवैद्य भाचीच्या दवाखान्यातलं प्रकरण सांगताना मात्र हसू शेवटी जरा अडकतं.

भाचीचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान, वर जाणारा अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी पत्रपेटी. वर गेलं की सहा खुर्च्यांची बसायची खोली, आणि काचेच्या खिडकीमागे वहीताई. वहीताईंनी बावीस वर्षं त्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा सांभाळल्या होत्या. भाचीच्या वडिलांच्या वेळी वहीत, म्हणून हे नाव; नंतर कॉम्प्युटरवर. लोकांसमोर त्या भाचीला ‘डॉक्टर’ म्हणत आणि दार लोटलेलं असलं की ‘बाळ’.

मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला.

“मामा, घोटाळा झालाय. काल नवा कॉम्प्युटर बसवला. आज मेलचा प्रोग्राम उघडला तर सगळं कोरं. एक मेल नाही, एक अपॉइंटमेंट नाही. बाहेर नऊच्या वेळेला चार जण बसलेत आणि चौघंही म्हणतात, नऊ आमचेच. कॉम्प्युटरवाला फोन उचलत नाही. तू जरा त्याच्या घरी जाऊन येशील? तुमच्याच गल्लीत राहतो.”

भाचीने मामांना निरोप्या म्हणून बोलावलं होतं. मामांनी ते आमंत्रण गुप्तहेर म्हणून स्वीकारलं.

“कशालाही हात लावू नकोस,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मी निघालोच.”

“अरे, हात लावला नाही तर दात कसे काढू?” भाची म्हणाली, पण तोवर मामा पायांत चपला सरकवत होते. मामीही पिशवी घेऊन निघाल्या. मामांना एकट्याला बाहेर पाठवायचं नाही, हा धडा त्या छत्रीच्या वेळीच शिकल्या होत्या.

कॉम्प्युटरवाल्याने दार उघडलं तेव्हा त्याचा डावा गाल चेंडूसारखा फुगला होता. झालं होतं असं, की सोमवारी काम करता करताच त्याची दाढ ठणकू लागली. ‘एवढं काढून घेतो, मग पाच मिनिटांत मेल जोडून देतो,’ असं सांगून तो भाचीच्या खुर्चीत जाऊन बसला. भाचीने दाढ काढली. भूल ओसरली तशी कळ मस्तकात गेली आणि मेलबिल विसरून तो घरी जाऊन आडवा झाला. आता तोंडात कापसाचा बोळा होता.

“मेल कुठे गेले?” मामांनी भिंग त्याच्या गालावर धरून विचारलं.

“पी... एफ्... थी...” तो कळवळत म्हणाला. “पिफ्थी... उ’ला...”

मामांचा चेहरा पांढरा पडला. ते मामींच्या कानाशी लागले, “पिस्तूल म्हणतोय.”

“अहो, दाढ काढलेला माणूस आहे तो. काहीही ऐकू येईल.”

“गालाला काय झालंय ते पाहिलंस? दहशत! कुणीतरी पिस्तूल रोखून याचं तोंड बंद केलंय.”

कॉम्प्युटरवाल्याने कपाळावर हात मारला. गाल हलला, तो पुन्हा कळवळला. मग त्याने कागदाचा चिटोरा ओढून त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली: पी, एस, टी. पुढे मराठीत लिहिलं, ‘उघडा’. चिटोरा मामांच्या हातात कोंबला, झोपेच्या गोळीकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं.

आता हे इथेच सांगून टाकायला हवं, की प्रकरणाचं उत्तर त्या चिटोऱ्यावर जसंच्या तसं होतं. भाचीचे सगळे मेल आणि सगळं कॅलेंडर मिळून जी एकच मोठी फाइल होते, तिच्या नावाचं शेपूट पीएसटी. ती उघडायची, झालं. एखाद्या शहाण्या निरोप्याने तो चिटोरा मुकाट्याने नेऊन दिला असता तर दुपारच्या आत सगळं सुरळीत झालं असतं. पण चिटोरा पडला छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या हातात. मामांनी जिन्यातच खिशातलं लाल पेन काढलं.

“एक अक्षर सुटलंय,” ते म्हणाले. पी आणि एसच्या मधे त्यांनी काकपदाची खूण केली आणि वर ठसठशीत ‘ओ’ लिहिला. “पोस्ट! पोस्ट उघडा!”

“तो घाईत लिहिणारा माणूस असला तरी तीन अक्षरांत एक खाईल का?” मामींनी विचारलं.

“अगं, लोक जोडाक्षरं खातात, हा तर नुसता स्वर आहे.”

पोस्ट उघडायची म्हणजे अर्थातच पत्रपेटी. दवाखान्याच्या जिन्याशी जाऊन मामांनी ती उघडली. आत विजेचं बिल, चष्म्याच्या दुकानाचं चुकून आलेलं पाकीट आणि एक गुळगुळीत जाहिरात होती: रस्त्यापलीकडच्या दंतवैद्याची. ‘अपॉइंटमेंटची कटकट नाही. या आणि बसा.’

मामा ती जाहिरात धरून पुतळ्यासारखे उभे राहिले.

“आपल्या अपॉइंटमेंटा गायब,” ते म्हणाले, “आणि याला अपॉइंटमेंटची गरजच नाही! का नाही? कारण आपल्या त्याच्याकडे आहेत!”

“ही जाहिरात आपल्याही घरी येते,” मामी म्हणाल्या. “वर्षभर. मी तिच्यावर भाजी निवडते.”

पण मामांची गाडी सुटली होती. आता प्रश्न एकच राहिला: शत्रूला आतून मदत कुणाची? त्यांनी भाचीला बाजूला घेऊन बजावलं, की तपास पुरा होईपर्यंत साक्षीदारांशी बोलणं फक्त आपल्यामार्फत होईल. भाचीच्या एका हातात सांडशी होती, खुर्चीत एक जण आ वासून पडला होता आणि बाहेर अकरा जण भांडत होते. ती म्हणाली, “बरं बाबा, बरं.” अशा ‘बरं’ला संमती समजायची नसते, हे मामांना फार उशिरा कळलं.

बुधवारी मामा स्वतः नव्या कॉम्प्युटरसमोर बसले. ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर दिसलं. त्यात फक्त दोन फाइली. पहिली भलीमोठी. ती त्यांनी टिपणवहीच्या साध्या प्रोग्रामात उघडली, तर कॉम्प्युटर धापा टाकू लागला आणि पडद्यावर चौकोन, कंस, उलटे स्वल्पविराम यांचा पूर आला. मामांनी भिंग लावून वीस मिनिटं तो पूर वाचला आणि त्यात सतराशे छपाईच्या चुका आहेत, असा निष्कर्ष काढून तो बंद केला.

दुसरी फाइल लहान होती. कॉम्प्युटरवाल्याने खबरदारी म्हणून कॅलेंडर वेगळंही काढून ठेवलं होतं. असल्या फाइलीत सगळं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे ती सरळ वाचता आली. आणि वाचता वाचता मामांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

ओळीखाली ओळ. प्रत्येक नोंदीत वर्ष, महिना आणि दिवस एकमेकांना चिकटून, मग वेळ, आणि प्रत्येक वेळेच्या शेवटी एकच अक्षर: झेड. खाली माणसांची वर्णनं. ‘पोस्टमास्तर, खालची दाढ.’ ‘बँकेतल्या बाई, दोन.’ ‘शिंपी, कायमचा बंदोबस्त.’ वेळा पाहाव्यात तर पहाटे साडेतीन, साडेचार, साडेपाच.

मामांनी पानं छापून घेतली आणि घडी करून खिशात कोंबली. भाचीने विचारलं, “काय रे ते?” तर म्हणाले, “कच्चा पुरावा कुणाला दाखवायचा नसतो.”

मग बसायच्या खोलीत येरझारा घालत त्यांनी सगळं जुळवलं. हा झेड प्रत्येक भेटीला हजर आहे. रस्त्यापलीकडच्या दंतवैद्याचं आडनाव ‘झ’वरून सुरू होतं. हा दवाखाना उघडतो नऊला, पण पहाटे साडेतीनपासून इथे माणसं येताहेत. म्हणजे कुणीतरी पहाटे दार उघडून देतंय. किल्ल्या कुणाकडे?

किल्ल्या दोघींकडेच होत्या. एक भाची. आणि दुसऱ्या वहीताई, ज्या नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी दहा जणांदेखत म्हणाल्या होत्या, “जळो मेलं ते यंत्र.”

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मामा काचेच्या खिडकीपाशी उभे राहिले. मागे भाची हातमोजे काढत होती, मामी पिशवी घेऊन दाराशी थांबल्या होत्या.

“ताई, पहाटे साडेतीन वाजता तुम्ही कुठे असता?”

“झोपेत,” वहीताई म्हणाल्या.

“साक्षीदार?”

“नवरा. पण तोही झोपलेलाच असतो.”

“झेडला कधीपासून ओळखता?”

“कोण झेड?”

“पाहिलंस?” मामा भाचीकडे वळले. “दचकल्या नाहीत. सराईत माणूस दचकत नाही. या बाईंनी तुझ्या अपॉइंटमेंटा समोरच्याला विकल्या आणि मेल पुसून टाकले. किल्ल्या यांच्याकडे, राग यांना, आणि कॉम्प्युटरला शेवटचा हात लावला तोही यांनीच!”

भाची दोन दिवस नीट जेवली नव्हती. तिचा विश्वास बसला नव्हता, पण ‘मामा, गप्प बस’ हे तीन शब्द जिथे यायला हवे होते तिथे ते आले नाहीत. ती थकल्या आवाजात म्हणाली, “ताई, दोन दिवस कॉम्प्युटरला कुणीच हात लावू नये, असं करूया का?”

‘कुणीच’ म्हणजे कोण, ते वहीताईंना कळलं. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला, आवाज होऊ नये असा. चष्मा डबीत घातला. दारापाशी जाऊन त्या म्हणाल्या, “बाळ, उद्या नऊला पोस्टमास्तर येतील. त्यांना भुलीने चक्कर येते. आधी काहीतरी खायला लाव.”

आणि जिना उतरून गेल्या.

घरी जाताना मामा म्हणाले, “पाहिलंस, कशी कोसळली ती!” मामी झपझप पुढे चालू लागल्या. रात्रीचं ताट वाढून त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. मामांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की गुन्हेगार पकडल्यावर जो आनंद व्हायला हवा तो कुठे दिसत नाहीये. त्यांनी तो भिंगातून शोधण्याचा प्रयत्न केला नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

गुरुवारी मामा नऊलाच दवाखान्यात जाऊन बसले, मागोमाग मामीही आल्या. पोस्टमास्तर खरोखरच आले. भाचीने खायला लावायचं विसरून भूल दिली आणि त्यांना खरोखरच चक्कर आली. बाहेरच्या खुर्च्यांवर आडवं करून त्यांना वारा घालता घालता मामींनी मामांकडे जे पाहिलं, त्याला भिंगाची गरज नव्हती.

अकराला दहा कमी असताना वहीताई आल्या. काचेमागे गेल्या नाहीत. पेशंटांच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर पर्स घेऊन.

“ताई, तुम्ही?” भाची धावत बाहेर आली.

“कामावर नाही आले, डॉक्टर,” वहीताई म्हणाल्या. “माझी तपासणी आहे. गुरुवार, अकरा. महिन्याभरापूर्वी मीच नोंदवली होती. तुमच्याकडे नोंद नसेल तर तसं सांगा, जाते.”

मामा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत पुराव्याची पानं पसरून बसले होते. लपवायला गेले आणि एक पान घसरून वहीताईंच्या पायाशी पडलं. त्यांनी ते उचललं, चष्मा लावला, आणि सवयीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं.

“मामा, हे काय आहे?”

“झेडच्या... बळींची यादी,” मामा म्हणाले. मोठ्यांदा म्हटल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाही जरा कसंसंच वाटलं.

“या बळींत मीसुद्धा आहे,” वहीताई म्हणाल्या. “हे बघा. ‘ताई, तपासणी.’ आजची तारीख. फक्त वेळ साडेपाचची लिहिलीये. माझी अकराची. पोस्टमास्तर नऊचे, त्यांना साडेतीन लिहिलंय. बँकेतल्या बाई दहाच्या, त्यांना साडेचार.” त्यांचं बोट थांबलं. “सगळे बरोब्बर साडेपाच तास मागे. अहो, ही आपली अपॉइंटमेंटांची यादी आहे. नुसतं घड्याळ दुसरीकडचं लागलंय.”

“आणि शिंप्याचा कायमचा बंदोबस्त?” मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

“कवळी,” वहीताई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. बहुधा पोस्टमास्तर, आडवे पडल्या पडल्या.

“हे मिळालं कुठे?”

“इथेच. नव्या कॉम्प्युटरवर. ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये.”

“त्यात आणखी काय होतं?”

“एक मोठी फाइल. पण ती सगळी अशुद्ध आहे.”

वहीताई उठल्या. काचेमागे गेल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. “मला हात लावायची मनाई आहे. तुम्ही बसा, मामा. मेलचा प्रोग्राम लावा. वर डावीकडे काय लिहिलंय?”

“फाइल.”

“दाबा. खाली काय आलं?”

“उघडा.”

“मग उघडा की!”

मामांनी दाबलं. प्रोग्रामने नम्रपणे विचारलं, कुठली फाइल? मामांनी ‘जुनं’मधली ती मोठी, अशुद्ध फाइल दाखवली. कॉम्प्युटर क्षणभर विचारात पडला, आणि बावीस वर्षांतले कॉम्प्युटर आल्यापासूनचे सगळे मेल, भाचीच्या वडिलांनी वहीताईंना सांगून टाइप करवलेल्या पत्रांसकट, एकाखाली एक येऊन शिस्तीत उभे राहिले. शेजारच्या चौकटीत महिन्याचं कॅलेंडर भरून गेलं. सोमवारपासून काहीच कुठे गेलेलं नव्हतं. नव्या प्रोग्रामने आपली एक कोरी फाइल उघडली होती आणि जुनी उघडायला कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

मामींनी पुढे होऊन मामांच्या वरच्या खिशातून तो चिटोरा काढला. लाल ‘ओ’वर अंगठा ठेवला आणि वाचला, “पी. एस. टी. उघडा.” मग पडद्यावरच्या मोठ्या फाइलच्या नावाचं शेपूट बोटाने दाखवलं. “तुम्ही दुरुस्त करेपर्यंत बरोबर होतं.”

संध्याकाळी सूज उतरल्यावर कॉम्प्युटरवाल्याने फोनवर झेडचाही उलगडा केला. असल्या फाइलीत वेळा जगाच्या प्रमाण घड्याळाप्रमाणे लिहितात आणि तशा लिहिल्या आहेत याची खूण म्हणून शेवटी झेड लावतात. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रस्त्यापलीकडचा दंतवैद्य त्या जाहिरातीमुळे होऊ घातलेली आपली बदनामी टळली हे न कळता जगत राहिला.

पण ते संध्याकाळी. तेव्हा, अकरा वाजता, कॉम्प्युटर एकदम किणकिणू लागला. तीन दिवस तुंबलेल्या आठवणी एकामागून एक उघडत होत्या. प्रयोगशाळेला कवळीचा साचा पाठवणे. शिंप्याला फोन. हातमोजे मागवणे. आणि त्यांच्यात एक कालच्या तारखेची, दर वर्षी येणारी. मामा समोरच बसले होते, म्हणून त्यांनीच ती वाचली.

‘मामांचा वाढदिवस. डॉक्टरांना फोनची आठवण करून देणे. आपण आठवण करून दिली हे मामांना सांगू नये.’

मामांनी ती पुन्हा वाचली. यात एकही चूक नव्हती. दर वर्षी त्या दिवशी भाचीचा फोन येई आणि मामा गल्लीभर सांगत, की पोरीच्या कामाचा एवढा रगाडा, पण मामाला विसरत नाही. काल फोन आला नव्हता. काल मामांना स्वतःलाही आठवण नव्हती. काल ते वहीताईंना पहाटे साडेतीनचा साक्षीदार विचारत होते.

“तुलाही आठवला नाही?” ते मामींना म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून.

“मला आठवत होता,” मामी म्हणाल्या. “पण तुम्ही पिस्तूल शोधत होता.”

भाचीने टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि वहीताईंच्या हातात देताना तिचे डोळे भरून आले. “ताई, मीच बोलायला हवं होतं काल.”

“हवं होतं, बाळ,” वहीताई म्हणाल्या आणि जुडगा कमरेला खोचला.

मामा खुर्चीतून उठले. खुर्ची आपल्या रुमालाने पुसली. वहीताई बसेपर्यंत उभे राहिले. भिंग काढलं, खिशात घातलं, पुन्हा काढलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीपाशी नेमकी कुठली खूण करायची, ते सुचत नव्हतं.

“ताई,” ते शेवटी म्हणाले, “माझं चुकलं.”

“कुठलं?” वहीताई पडद्याकडे पाहत म्हणाल्या. “यादी मोठी आहे.”

“सगळंच.”

“मग अपॉइंटमेंट घ्या. एका बैठकीत व्हायचं नाही ते.” त्यांनी कॅलेंडर पुढे सरकवलं. “सोमवार, नऊ?”

“सोमवार, नऊ,” मामा म्हणाले.

वहीताईंनी नोंद केली. मामांनी वाकून पाहिलं. ‘मामा,’ असं लिहिलं होतं, ‘माफी, पहिली बैठक.’ तेवढ्यात भाचीने आतून हाक मारली, “ताई, अकरा वाजून गेले. तुमचा नंबर!” आणि वहीताई पर्स मामांच्या हातात देऊन आत गेल्या.